सातवा लेमा आणि सायकलच्या दोन रिमा

शहादा
२ ऑगस्ट २०२५

प्रिय बेटी यामिनी,

खूप खूप दुआ. परवा तू फोनवर अर्धा तास बोललीस. त्यातलं मला स्वच्छ ऐकू आलं ते एवढंच, की तुझ्या खोलीतल्या पंख्याचं खालचं बेअरिंग गेलंय. बाकी सगळं दुकानातल्या मोटारींनी खाल्लं. म्हणून कागद घेऊन बसलोय. तूही कागदावरच लिही. कागदाला मध्येच गिऱ्हाईक येत नाही, आणि कळलं नाही तर मला चार वेळा वाचता येतं.

कारण असं, की बाजारच्या दिवशी करमसिंगभाऊ आले होते. खिशात घडी घातलेला फॉर्म. आश्रमशाळेत कंत्राटी शिक्षिका हवी आहे, शेवटची तारीख तीस सप्टेंबर. मला म्हणाले, "कय्युमभाई, पोरीनं वचन दिलंय. एकोणीस सप्टेंबरच्या त्या सेमिनारपर्यंत तिचं गणित सुटलं नाही तर ती परत येऊन ही नोकरी धरेल. पण ती तिकडे करते काय, ते मला पाड्यावर कोणाला सांगता येत नाही. डॉक्टर होणार म्हटलं, तर लोक गुडघे दाखवायला येतात."

मी म्हणालो, मी विचारून सांगतो. बी.एस्सी.ची तीन वर्षं तू माझ्या दुकानावरच्या खोलीत काढलीस, तुझ्या मदिनाचाचीच्या हातचं खाल्लंस. तेव्हा विचारायचा हक्क माझा आहे. तू 'ग्रुप' म्हणालीस. मला बचत गट माहीत आहे, तो हा नसावा. सातवी शिकलेल्या, जळक्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या रिवायंडिंगवाल्याला कळेल असं लिही.

तुझा,
कय्युमचाचा

•

पुणे
९ ऑगस्ट

आदरणीय चाचा,

जोहार. पंखा उघडला. बेअरिंगच होतं. आता माझी रूममेट तुम्हाला फोनवरून तिचं पोट तपासायला सांगते आहे.

तुमच्याच टेबलावरून सुरू करते. तुम्ही तार भरता ते चोवीस खाचांचं गोल स्टेटर घ्या. तुम्ही 'एक-सहा' म्हणता, म्हणजे पहिल्या खाचेतून सहाव्या खाचेत, पाचाची उडी. ही पाचाचीच उडी पुन्हा पुन्हा मारत गेलात, तर काही फेऱ्यांत चोवीसही खाचा होऊन जातात. एकही सुटत नाही. पण सहाची उडी मारलीत तर? चारच खाचा, पुन्हा पुन्हा त्याच. बाकी वीस खाचांना तुमचं बोटही लागत नाही.

खाचा आणि त्यांवरच्या उड्या मिळून जे होतं तोच आमचा 'ग्रुप', म्हणजे गट. म्हणजे पाचाची एक उडी सगळं स्टेटर निर्माण करते, सहाची करत नाही. ज्या थोड्या उड्यांतून सगळं उभं राहतं, त्यांना आम्ही जनक संच म्हणतो. काम एवढंच: कमीत कमी किती उड्या पुरतात, ते शोधायचं.

आता खाचा काढून टाका. गुळगुळीत कडं. त्यावर जागा अगणित, आणि शेजारी-शेजारी इतक्या चिकटलेल्या की दोघींमध्ये तिसरी असतेच. अशा गटाला टोपॉलॉजिकल ग्रुप म्हणतात. इथे एका उडीनं प्रत्येक जागेवर नेमकं पोचता येत नाही. पण उडी अशी निवडता येते की ती कधीच सुरुवातीच्या जागी परत येणार नाही, आणि फिरता फिरता प्रत्येक जागेच्या हवं तितकं जवळून जाईल. केसाइतकं म्हणा, केसाच्या हजाराव्या भागाइतकं म्हणा. आमच्यात तेवढं चालतं.

माझं प्रमेय पुष्कळ कड्यांचं आहे. (खरं तर कड्यांपेक्षा बरेच गुंतागुंतीचे गट आहेत, पण तुम्ही कडीच समजा.) सगळी कडी एकाच झटक्यात फिरवायची, प्रत्येकाची उडी आपापली. मी म्हणते की झटका असा निवडता येतो, की सगळी कडी मिळून कोणतीही मांडणी मागा, तिच्या जवळ ती कधी ना कधी येतातच. सिद्धता लिहून झाली आहे. माझ्या गाइड मॅडमनी दोनदा वाचली. फक्त समितीसमोरचा सेमिनार उरलाय. तो नीट झाला तर फेलोशिप वर्षभर वाढेल.

बाबांना सांगा, तो फॉर्म फाडून बिड्या वळायला हरकत नाही.

तुमची,
यामिनी

•

शहादा
१८ ऑगस्ट

प्रिय बेटी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग भंगारातून सायकलच्या दोन रिमा काढल्या. एका लोखंडी स्टँडवर दोन्ही शेजारी बसवल्या, प्रत्येकीवर खडूची एक खूण. उडी कशी मोजणार? पहिलीला एक वीत आणि चार बोटं. दुसरीला आळसानं त्याच्या दुप्पट, म्हणजे दोन विता आणि आठ बोटं. आफताबला म्हटलं, फिरव.

आफताब माझाच मुलगा आहे. तो म्हणाला, "अब्बा, लोकांची मोटार टेबलावर आहे आणि आपण चाक खेळतोय." मदिना वरून डोकावली. "पागल हो गए क्या?" मोटार न्यायला आलेला वाहरू दारात उभा. "हाई काय चालू शे, कय्युमशेठ? सर्कस काढनी का?" मी म्हटलं, गणित शे. तर तो बसूनच राहिला.

एकेक रीम पाहिली तर तू म्हणतेस तसंच. खूण फिरत फिरत सगळीकडे जाऊन आली. पण मला डोळ्यांपेक्षा कानाचा भरवसा. दोन्ही रिमांना खुणेजवळ एकेक खिळा आणि वर एकेक पत्र्याची पट्टी लावली, खूण वर आली की टिक वाजावं म्हणून. डोळे मिटून बसलो. आणि बेटी, पहिली रीम टिक म्हणाली की दुसरीही म्हणायचीच. प्रत्येक वेळी. पहिलीची खूण वर आणि दुसरीची खाली, अशी जोडी तीन तासांत एकदाही आली नाही. वाहरूसुद्धा म्हणाला, "या दोन्ही एकमेकीस्ले सांगीन फिरतस."

एकेकटी सगळीकडे जाते, पण दोघी मिळून सगळीकडे जात नाहीत. आता मला सांग, तुझ्या सगळ्या कड्यांच्या उड्या तू कशा निवडल्यास? एकेक तपासल्यास की सगळ्या मिळून?

राग मानू नकोस. सवय आहे. कारागीर 'हे तर ठीकच आहे' म्हणाला की मी तेच आधी उघडतो.

आणि तुझा एक चांगला फोटो पाठव. काम आहे.

कय्युमचाचा

•

पुणे
२४ ऑगस्ट

चाचा,

तुम्ही दुप्पट घेतलीत. ती लबाडी झाली! दुप्पट घेतली की दुसरी रीम पहिलीच्या ताब्यात जाणारच. अशा एकमेकींत अडकलेल्या उड्या घ्यायच्या नाहीत, हे पहिल्या वर्षाचं पोरही जाणतं. मी तशा घेतलेल्या नाहीत. सातव्या लेमात (लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयाची छोटी पायरी) मी स्पष्ट लिहिलंय की हे उघडच आहे.

फोटोचं कळलं. तुम्ही आणि बाबा मिळून माझा फॉर्म भरताय ना? तारखेला अजून महिना आहे. मला न विचारता भरलात तर मी सहीच करणार नाही. फोटो आजच फोनवर पाठवते, कारण तुम्हाला नाही म्हणता येत नाही. पण मनावर घेतलंय एवढं लक्षात ठेवा.

यामिनी

•

पुणे
३ सप्टेंबर

चाचा,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे.

तुम्ही चुकलात हे नीट दाखवावं म्हणून सातवा लेमा काढला. 'उघडच आहे' असं जिथे लिहिलं होतं, तिथे उघड काय आहे ते चार ओळींत लिहायला बसले. चार ओळी होईनात. पान झालं, वही झाली, सहा दिवस झाले.

तिसऱ्या कड्याची उडी पहिल्या दोघांच्या बेरजेतून आली आहे, चाचा. सरळ दिसत नाही, तीन पानं फिरून येते, पण येते. तीनही कडी आपापली सगळीकडे जातात. मिळून जात नाहीत. तुमच्या रिमांसारखीच. मी प्रत्येकाला वेगवेगळं तपासलं आणि शेजारी शेजारी उभं केलं. एकत्र तपासलंच नाही.

लेमा सात पडला की प्रमेय पडतं. मॅडमच्या लक्षात आलेलं नाही. समितीतल्या कोणाच्याही येणार नाही, ते एवढं आत जाणार नाहीत. एकोणीस तारखेला गप्प राहिले तर फेलोशिप मिळते, वर्ष मिळतं, आणि त्या वर्षात कदाचित दुरुस्तही करता येईल. बोलले तर सिद्धता नाही, आणि मग बाबांना दिलेलं वचन आहेच.

हे फक्त तुम्हाला माहीत आहे. काय करू?

यामिनी

•

शहादा
७ सप्टेंबर

बेटी यामिनी,

पत्र कालच मिळालं. रात्रभर विचार वगैरे काही केला नाही, चहा पिता पिता ठरवलं. गप्प बस.

सांगतो का. धंदा मी सुरतेत शिकलो. उस्तादाकडे तीन वर्षं नुसती जुनी तार सोलली. तिथून रिकाम्या हातानं येऊन हे दुकान उभं केलं. त्यातून शिकलो ते हे, की सगळंच गिऱ्हाईकाला सांगायचं नसतं. हाच वाहरू. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याची पाच एचपीची मोटार मी भरली. चालवून पाहिली, सगळ्यांना ठीक वाटली. मला आत एक बारीक गुणगुण ऐकू आली, असू नये अशी. केळीला पाणी द्यायची घाई होती, वाहरू दारात उभा. मी काही बोललो नाही. त्यानं मोटार नेली, विहिरीवर चढवली, पाणी पडलं, खूश झाला.

तुझी समिती म्हणजे वाहरू. मोटार चालते आहे, घेऊन जाऊ दे. वर्षभरात तू गुपचूप उघडून नीट कर. चूक पकडणाऱ्याला बक्षीस असतं, स्वतःची चूक सांगणाऱ्याला काय असतं? आश्रमशाळा. तिकडे तू पोरांना पाढे शिकवत बसशील. शिकवशील चांगलं, पण त्यासाठी मी तुला वरची खोली दिली नव्हती.

सेमिनारला नवी साडी नेस. मदिनानं पाठवली आहे, पार्सल वेगळं येईल.

कय्युमचाचा

•

पुणे
१२ सप्टेंबर

कय्युमचाचा,

पवननं फोटो पाठवला. माझा भाऊ कधी नव्हे तो एसटीनं शहाद्याला आला, आणि स्टँडसमोरच्या चौकात त्याला बहीण दिसली. बारा फूट बाय आठ फूट.

'आमच्या शहाद्याची शान, गणिताचा महान शोध लावल्याबद्दल डॉ. यामिनी करमसिंग पावरा यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून तुमचा फोटो, आफताबचा फोटो, आणि काळा चष्मा घातलेले सतरा लोक, ज्यातल्या एकालाही मी ओळखत नाही. माझा फोटो फॉर्मसाठी होता असं मी समजत होते.

बॅनर कधीचा आहे हेही पवननं विचारून घेतलं. पंचवीस ऑगस्टपासून. म्हणजे मी तुम्हाला लेमा पडल्याचं लिहिलं, तेव्हा मी दहा दिवस चौकात डॉक्टर होते. मग तुम्ही मला गप्प बस म्हणालात. माझ्यासाठी म्हणालात की बॅनरसाठी?

उद्या सकाळी मॅडमना सांगते आहे. साडी मिळाली. चाचींना सांगा सुंदर आहे. त्यांच्यावर राग नाही.

यामिनी

•

शहादा
१५ सप्टेंबर

बेटी,

दोन्हीसाठी म्हणालो. अर्धं तुझ्यासाठी, अर्धं बॅनरसाठी. आता बसून मोजलं तर बॅनरचं अर्धं जरा मोठं निघतं.

तू पहिल्या पत्रात 'सिद्धता लिहून झाली आहे' असं लिहिलंस ना, ते पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी सुपडू बॅनरवाल्याकडे गेलो. 'डॉ.' त्यानं आपल्या मनानं घातलं, म्हणाला, "शेठ, पोर हुशार शे ना? मंग डॉक्टर लिखीच टाकू." मी अडवलं नाही. सतरा लोक माझं गिऱ्हाईक आहे. काळे चष्मे त्यांचे त्यांनी आणले.

आज सुपडूची शिडी आणली आणि भर बाजारात बॅनर मीच उतरवला. खालून आवाज, "काय व्हयनं शेठ? पोर नापास व्हयनी का?" मी वरूनच म्हटलं, "नही रे, बॅनर नापास व्हयना." हसले. हसू देत.

आणि वाहरूची गोष्ट. ती मी अर्धीच लिहिली होती. ती मोटार एकविसाव्या दिवशी जळाली. ऐन उन्हाळ्यात आठ दिवस पाणी नाही, केळीच्या घडांनी माना टाकल्या. मी फुकट भरून दिली, तरी त्यानंतर पाच वर्षं तो समोरच्या दुसऱ्या रिवायंडिंगवाल्याकडे मोटार टाकत होता. मला पाहून रस्त्याच्या त्या बाजूनं जायचा. हे तुला लिहायचं मी गाळलं. गाळताना मला माहीत होतं.

तू आता काय करावंस ते सांगत नाही. तू सांगितलंच असशील.

कय्युम

•

पुणे
२० सप्टेंबर

आदरणीय चाचा,

जोहार. राग गेला. शिडीवरचे तुम्ही डोळ्यांसमोर आलात आणि हसू आलं, मग राग ठेवायचा कुठे?

मॅडमना तेराला सांगितलं. त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "तिथे मीही 'उघड आहे' असं समजून पुढे गेले." मग आम्ही दोघींनी खडू घेतला, आणि संध्याकाळपर्यंत लेमा सात आणखी दोन ठिकाणी फाटला.

काल सेमिनार झाला. फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं: सातवा लेमा चूक आहे. समितीतले एक वयस्कर सर म्हणाले, "मग आपण इथे कशासाठी जमलो आहोत?" मी म्हटलं, "तो कुठे आणि का फसतो ते बघायला, सर." दोन कडी काढली. पहिल्याच्या दुप्पट दुसऱ्याची उडी. मग तीन कडी आणि बेरीज. एकेकटी सगळीकडे, मिळून नाही. अशा छुप्या बेरजा कोणत्या गटांत टाळता येतात आणि कोणत्यांत येत नाहीत, हाच आता प्रश्न आहे, असं सांगितलं. तेच सर उठले, माझ्या हातातला खडू घेतला आणि वीस मिनिटं मॅडमशी भांडले. खूप चांगलं भांडले. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? मी म्हटलं, शहाद्याच्या एका मोटार रिवायंडिंगवाल्यांनी कानानं पकडलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

वर्ष नाही मिळालं. सहा महिने मिळाले. त्यात नवा लेमा उभा राहिला तर पुढचं बघू, म्हणाले.

पण चाचा, बाबांना दिलेलं वचन सहा महिन्यांचं नव्हतं. सिद्धता सेमिनारपर्यंत व्हायची होती, ती झाली नाही. पाड्यावर रेंज नाही, बाबा बाजाराला आले की तुमच्याकडेच येतात. त्यांना हे पत्र वाचून दाखवा, काही न गाळता. आणि फॉर्म भरायला सांगा. अठ्ठावीसला मी सहीला येते.

तुमची,
यामिनी

•

शहादा
२४ सप्टेंबर

प्रिय बेटी यामिनी,

काल करमसिंगभाऊ आले. मी शटर अर्धं ओढलं, आफताबला मोटारी बंद करायला सांगितल्या आणि तुझं पत्र वाचलं. काही गाळलं नाही. 'रिवायंडिंगवाल्यांनी कानानं पकडलं' हे मात्र दोनदा वाचलं, ते माफ कर.

भाऊंनी विचारलं, "चूक कोणी पकडली?"

मी म्हटलं, "प्रश्न मी विचारला. चूक तिची तिनंच शोधली."

"तिथल्या साहेबांना माहीत होतं?"

"नाही."

"बाईंना?"

"त्यांनाही नाही. तिनं सांगितलं तेव्हा कळलं."

"म्हणजे गप्प राहिली असती तर चाललं असतं?"

"वर्षभर तरी चाललं असतं. मीच तिला गप्प राहा म्हणून लिहिलं होतं," मी म्हणालो. हे सांगायची गरज नव्हती, पण निघून गेलं तोंडातून.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग चहा आला, तो त्यांनी पूर्ण पिऊन संपवला.  मी त्या रिमा फिरवून दाखवू लागलो, तर हात धरून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ते तिचं काम आहे."

मग म्हणाले, "पंधरा वर्षं मी ऊसतोडीला गुजरातेत गेलो. कोणी आपली चूक आपण होऊन सांगितलेली मी तिथं पाहिली नाही. मुकादमानं सांगितली नाही. मीही सांगितली नाही."

खिशातून फॉर्म काढला. नीट घडी उलगडून बघितला, पुन्हा घातली. म्हणाले, शेजारच्या रमिलाबाईची पोर डी.एड. होऊन घरी बसली आहे, तिला देतो. तारखेला अजून सहा दिवस आहेत. आणि मग मला म्हणाले, कागद घ्या. मी सांगतो ते लिहा.

त्यांनी पावरी बोली आणि मराठी मिसळून सांगितलं. मराठी करताना मी काही बदललेलं नाही. खाली नाव त्यांनी स्वतः लिहिलंय.

"यामिनी,

वचन तू दिलंस, ते घेतलं मी होतं. घेणाऱ्याला परत देता येतं. मी परत दिलं. आता तू माझ्याशी बांधलेली नाहीस.

सहा महिन्यांत झालं नाही तरी माझ्याकडे बघून परत येऊ नकोस. तुला यावंसं वाटलं तरच ये.

अठ्ठावीसला गाडीत बसू नकोस. मका अजून हिरवा आहे, कापणी झाली की ये, चार दिवस जास्त राहायला मिळेल. आईला मी सांगतो.

करमसिंग"